गिनी पिगची खाज आणि म्हशीचे औषध

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून पेला हातात मिळतो, अशा आपल्या कोल्हापूर शहराला जनावरांचे दुखणेखुपणे कोणी शिकवायला नको, असे मलाही परवापरवापर्यंत वाटत होते. परंतु म्हैस चार-पाचशे किलोची असते आणि गिनी पिग जेमतेम किलोभराचा, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालतेच असे नाही, हे साधे विसरल्यामुळे गेल्या पावसाळ्यात मंगळवार पेठेतील आमच्या गल्लीत दोन प्राणी हकनाक गेले, त्यांपैकी एक आमच्या घरचा. हे प्राणी आता पुष्कळ घरांत मुलांच्या हट्टापायी येतात, त्यांच्या त्वचेचे विकार हे नेहमीचेच दुखणे आहे, आणि त्यावर मराठीत वाचायला फारसे काही मिळत नाही. म्हणून थोडी जास्त जागा मागून हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे. नातीच्या वाढदिवसाला आम्ही शहरातील एका दुकानातून दोन नर पिल्ले आणली. तिने त्यांची नावे ‘पैलवान’ आणि ‘वस्ताद’ अशी ठेवली, कारण एक अखंड खात असे आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसे. ‘भुसा अंथरा, कोंडा आणि भिजवलेले हरभरे घाला, यांना काही होत नाही,’ एवढीच माहिती दुकानदाराने दिली. जुलै लागला, पंचगंगेचे पाणी चढू लागले, घरात वाळत घातलेले कपडे तीन-तीन दिवस ओलेच राहू लागले आणि त्याच सुमारास वस्ताद मान आणि खांदे खाजवू लागला. आठवड्याभरात तेथील केस विरळ झाले, कातडीवर कोंड्यासारखा थर आला, त्यावर पिवळट खपली धरली आणि मागच्या पायांच्या नखांनी त्याने स्वतःलाच ओरबाडून रक्त काढले. दुकानदाराला दूरध्वनी केला तर ‘पावसाची खाज आहे, हळद आणि खोबरेल लावा’ असे उत्तर आले. तेल लावल्याने केस चिकटले, ते त्याने चाटले आणि खाज होती तेवढीच राहिली.

तेव्हा करवीर तालुक्यातील गावाहून माझा भाचा आला. त्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत. खरजेवर आणि गोचिडांवर टोचतात ती आयव्हरमेक्टिनची बाटली त्याने आणली आणि ‘मावशी, अर्धा एम्‌एल टोचू, दोन दिवसांत मोकळा होईल’ असे सांगितले. औषध चुकीचे नव्हते, कारण गिनी पिगच्या खरजेवर पशुवैद्यही हेच औषध वापरतात. चुकत होते ते माप. बाटलीवर एक टक्का असे लिहिले होते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. गिनी पिगला किलोमागे साधारण ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम एवढीच मात्रा देतात. वस्ताद तेव्हा ८५० ग्रॅमचा होता. किलोमागे ०.४ मिलिग्रॅम धरले तरी त्याला ०.३४ मिलिग्रॅम लागणार होते, म्हणजे त्या बाटलीतले ०.०३४ मिलिलिटर. एका मिलिलिटरला ४० रेघा असलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजवर ही मात्रा दीड रेघसुद्धा भरत नाही, आणि साधा एक थेंबही तिच्याहून मोठा असतो. भाच्याचा अर्धा मिलिलिटर हा जवळजवळ पंधरापट डोस झाला असता. फळ्यावर गणित मांडण्याची जुनी सवय त्या दिवशी उपयोगी पडली आणि सुई परत पिशवीत गेली.

चार घरे पलीकडे मात्र गणित कोणी मांडले नाही. तेथे गोठ्यात फवारायचे गोचिडाचे औषध बादलीत अंदाजाने कालवून दोन गिनी पिग त्यात बुचकळून काढले, आणि त्यांपैकी एक त्याच रात्री थरथरत गेला. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ अशी ही औषधे जनावराच्या जाड कातडीसाठी आणि मोठ्या वजनासाठी ठरवलेल्या प्रमाणात विकली जातात. एवढासा प्राणी त्यात भिजला की औषध कातडीतून तर आत जातेच, शिवाय तो स्वतःला चाटून साफ करत असल्यामुळे पोटातही जाते. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या पिसवांच्या औषधांनाही हेच लागू आहे. फिप्रोनिल हे कुत्र्यांवर सर्रास वापरले जाणारे औषध सशांच्या जिवावर उठते हे पशुवैद्यांना चांगले माहीत आहे, त्यामुळे गिनी पिगवर ते आपल्या मनाने सोडू नये.

आता आमच्या वस्तादविषयी. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या म्हणून आम्ही त्याला एका दवाखान्यात नेले. तेथे कुत्र्यांची रांग होती. खपल्या पाहून तोंडावाटे देण्यासाठी अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध लिहून मिळाले आणि आम्ही ते निमूटपणे दिले. तिसऱ्या दिवशी त्याला पातळ जुलाब सुरू झाले, त्याने खाणे टाकले आणि पाचव्या दिवशी तो गेला. खरजेने काही तो गेला नसता, निदान इतक्या लवकर तरी नाही. गिनी पिगच्या मोठ्या आतड्यात गवत आंबवून पचवणारे जिवाणू असतात. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके पोटात गेली की ते उपयोगी जिवाणू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियमसारखे विष तयार करणारे जिवाणू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. जखम चिघळल्यास एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखे पर्याय आहेत, आणि त्यांतले कोणते द्यायचे हे पशुवैद्यानेच ठरवायचे असते. त्या दवाखान्याचे नाव घेण्याची माझी इच्छा नाही. दिवसभर गाई-म्हशी आणि कुत्री तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर असा प्राणी महिन्यातून एखादा येत असेल. पण औषध लिहून झाल्यावर ‘हे गिनी पिगला तोंडावाटे चालते का?’ हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता, तो विचारला नाही, याची टोचणी मला आजही आहे.

तोवर पैलवानालाही खाज सुटली होती. या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी त्याला वजनकाट्यावर ठेवले, मग खपलीच्या कडेची कातडी पात्याने, किंचित रक्त दिसेपर्यंत, खरवडली आणि तो नमुना काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ‘मॅडम, तुम्हीच बघा,’ असे म्हणून त्यांनी खुर्ची मला दिली. वाटोळे अंग, आखूड पाय आणि संथ हालचाल असलेला ट्रिक्साकॅरस केव्ही हा खरजेचा किडा तेथे होता. इतकी वर्षे मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवला, पण कोणत्याही काचपट्टीने मला इतके खजील केले नव्हते.

हा किडा कातडीत बीळ करून राहतो, म्हणून तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि वरून लावलेल्या तेलाने मरत नाही. खाज इतकी भयंकर असते की काही प्राण्यांना खाजवता खाजवता झटके येतात. पाहणाऱ्याला ते फेफरे वाटते आणि उपचार भलत्याच दिशेला जातो. गाभण मादीचा गर्भही या ताणाने पडू शकतो. आणखी एक त्रासाची गोष्ट अशी की खरवडलेल्या नमुन्यात किडा दर वेळी सापडतोच असे नाही, त्यामुळे लक्षणे स्पष्ट असतील तर तो न दिसताही उपचार सुरू करावे लागतात. आयव्हरमेक्टिन किड्यांना मारते, त्यांच्या अंड्यांना मात्र मारत नाही. म्हणून एका डोसवर थांबून चालत नाही, अंड्यांतून निघालेली पुढची पिढी मारण्यासाठी सात ते चौदा दिवसांच्या अंतराने तो पुन्हा द्यावा लागतो. पैलवानाला तीन डोस मिळाले. पहिल्या डोसनंतर खाज थांबली नाही म्हणून घरात सगळे हवालदिल झाले होते. दुसऱ्यानंतर तो रात्री झोपू लागला आणि केस पुरते यायला दीड महिना लागला. एकाच पिंजऱ्यातल्या सर्व प्राण्यांना, खाज असो वा नसो, एकाच वेळी औषध द्यावे लागते, अंथरूण टाकून द्यावे लागते आणि पिंजरा गरम पाण्याने धुवावा लागतो. याच काळात नातीच्या हातांवर बारीक खाजरे पुरळ उठले होते. हा किडा माणसाच्या अंगावर घर करून राहत नाही, पण प्राणी कुशीत घेणाऱ्याला काही काळ चावतो. पैलवान बरा झाला तसे पुरळही गेले.

प्रत्येक खाज खरजेचीच असते असे मात्र समजू नये. काही वेळा साध्या उवा असतात. काळ्या कागदावर प्राण्याचे केस विंचरले तर एक-दीड मिलिमीटरच्या फिकट उवा चालताना दिसतात, आणि त्या गिनी पिगपुरत्याच असतात, मुलांच्या डोक्यात जात नाहीत. केसांना धरून राहणारा एक वेगळा किडाही असतो. तो बहुधा पाठीच्या मागच्या भागात सापडतो आणि त्रास कमी देतो. यांपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती गजकर्णाची, म्हणजे ज्याला आपण नायटा म्हणतो त्याची. नातीच्या एका मैत्रिणीच्या घरी नेमके तेच झाले होते. प्राण्याच्या नाकाभोवती, डोळ्यांच्या कडेला आणि कानांवर केस झडलेले कोंडाळ चट्टे होते, खाज फारशी नव्हती, आणि मुलीच्या गालावर लाल कडेचे गोल वर्तुळ उठले होते. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून दोघांनाही तीच लावली. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या या ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर पुष्कळदा स्टिरॉइडही असते. त्याने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि प्राणी तर ते मलम चाटूनच टाकतो. अखेर मुलीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ‘घरात प्राणी आहे का?’ असे विचारले, तेव्हा कोडे उलगडले.

गिनी पिगमधील गजकर्ण बहुतेक वेळा ट्रायकोफायटन जातीच्या बुरशीने होतो आणि ती बुरशी निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकत नाही. त्यामुळे दिवा धरून ‘काही नाही’ असा निर्वाळा कोणी दिला तर त्यावर विसंबू नये. केस आणि कोंडा तपासून किंवा बुरशीची वाढ करूनच निदान होते. उपचार काही आठवडे चालतात. बुरशीचे बीजाणू लाकडी पेटीत आणि सतरंजीत कित्येक महिने टिकतात, म्हणून पेटी टाकून दिलेली बरी. ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध गाभण मादीला देऊ नये. आजारी प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे आणि चट्टे जाईपर्यंत लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवणे, एवढे तरी घराघरांत पाळले जावे.

आहाराविषयी लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांनी गिनी पिगांना नुसत्या धान्यावर ठेवले आणि त्यांना स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तेथून उघडली. माणूस, माकड आणि गिनी पिग यांचे शरीर हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, हे मी वर्गात सांगत आले. तीच मी घरातल्या दोन गिनी पिगांना दोन महिने कोंडा आणि हरभरे घालत होते! क जीवनसत्त्व कमी पडले की केस राठ होतात, कातडीला कोंडा येतो, जखमा भरत नाहीत, सांधे दुखू लागतात, आणि अशा अशक्त शरीरावर खरजेचे किडे व बुरशी सहज फोफावतात. निरोगी प्राण्याला रोज किलोमागे साधारण दहा मिलिग्रॅम आणि गाभण मादीला तीसच्या आसपास एवढी त्याची गरज असते. पाण्यात थेंब टाकून ती भागत नाही, कारण पाण्यात ते लवकर नष्ट होते. सशांसाठी विकले जाणारे तयार खाद्यही चालत नाही, कारण ससा हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो आणि त्याच्या खाद्यात ते घातलेले असेलच असे नाही. त्यापेक्षा कपिलतीर्थ मंडईतून आणलेल्या ढोबळी मिरचीचा तुकडा आणि पेरूची छोटी फोड हे रोजचे औषध स्वस्त आणि खात्रीचे आहे. पेरूत गोडी असते, म्हणून फोड छोटीच असावी. याखेरीज पोटभर वाळके गवत हवे. उसाचे वाढे आपल्याकडे फुकट मिळते, पण त्याच्या कडा करवतीसारख्या असतात. पैलवानाचा ओठ त्यानेच कापला होता, आणि ती जखम आम्ही आधी नायटा समजून बसलो होतो.

अंथरुणाचा आणि कातडीचा संबंध तर थेट आहे. वखारीतला भुसा धुळकट असतो, त्यातील काही लाकडांचा उग्र वास त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, आणि पावसाळ्यात तो खालून ओला राहतो. मूत्राने भिजलेल्या अंथरुणावर बसून पोटाखालचे केस जातात आणि तळपायांना जखमा होतात. कोंबड्यांच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या लठ्ठ प्राण्याचे तळपाय सुजून त्यांत पू होतो, आणि ते दुखणे महिनोन्‌महिने हटत नाही. आम्ही आता जुन्या पंच्यांच्या घड्या अंथरतो आणि रोज बदलतो. जुलैमध्ये त्या इस्त्री फिरवून वाळवाव्या लागतात, हा भाग वेगळा. खाज दिसली की अंघोळ घालण्याचा आपल्याकडे फार सोस आहे. दमट हवेत ओला राहिलेला गिनी पिग गारठून आजारी पडतो, तेव्हा डॉक्टरांनी औषधी अंघोळ सांगितली असेल तरच ती घालावी.

केस गेले म्हणजे आजारच, असेही नाही. कानांमागे गिनी पिगला जन्मतःच केस नसतात, आणि ते पाहून घाबरून आलेल्या एका बाईंना मीच परत पाठवले. वयात आलेल्या नराच्या माकडहाडापाशी तेलकट चिकटा जमतो, तो ग्रंथीचा स्राव असतो. याउलट दोन-तीन वर्षांवरील मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि खाज अजिबात नसेल, तर अंडाशयातील गाठींची शंका घ्यावी. तेथे खरजेचे औषध टोचत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे. मानेखाली गाठ आली तर ती घरी दाबून फोडू नये, कारण तो जिवाणूंमुळे झालेला गळू असू शकतो. कारण कोणतेही असो, खाजेने हैराण झालेल्या प्राण्याने दिवसभर काही खाल्ले नाही, तर ती तातडीची वेळ समजावी, कारण त्याचे आतडे रिकामे राहिले की थांबू लागते.

या निमित्ताने दोन मागण्या आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत पोहोचाव्यात, ही विनंती. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. त्यांत कुत्र्या-मांजरांबरोबर गिनी पिगचाही समावेश आहे आणि अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. आपल्या शहरातील किती दुकानांनी ती केली आहे, हे एकदा प्रशासनाने जाहीर करावे. प्राणी विकताना त्याचा आहार, अंथरूण आणि आजाराची लक्षणे मराठीत छापलेला एक कागद दुकानदाराने द्यावा, यासाठी तर नियमाचीही वाट पाहण्याची गरज नाही. दुसरी मागणी पशुवैद्यकांकडे आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले तरुण डॉक्टर आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि कातडी खरवडून तपासायला सूक्ष्मदर्शक आणि ग्रॅममध्ये मोजणारा काटा यांपलीकडे फारसे काही लागत नाही. कोणत्या दवाखान्यात ही तपासणी होते याची यादी डॉक्टरांच्या संघटनेने प्रसिद्ध केली, तर लोक बादलीत औषध कालवायला जाणार नाहीत.

गिनी पिग एकटा राहिला की झुरतो, म्हणून गेल्या पंधरवड्यात आम्ही पैलवानासाठी एक लहान नर आणला आहे. त्याला तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या पंच्यावर ठेवणार आहोत, आणि नात त्याला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर साबण लावते. दर रविवारी दोघांचे वजन होते. गुजरीत सोने तोलावे तशी ती काट्यावर वाकलेली असते आणि आकडा वहीत लिहिते. पैलवान ९८० ग्रॅमवर आला आहे. नव्या पिल्लाने आज सकाळी दोनदा मान खाजवली, तेव्हा सोमवारी त्याची कातडी तपासून घ्यायची वेळ ठरवली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर